लिक्समध्ये लिहायला बसण्याआधी : डॉक्युमेंट क्लास कसा निवडायचा

मागच्या उन्हाळ्यात रात्री साडेदहाला भाचीचा फोन आला. एम.एस्सी.चा प्रोजेक्ट रिपोर्ट दुसऱ्या दिवशी सकाळी गाईडच्या टेबलावर ठेवायचा होता. मजकूर झालेला, समीकरणं झालेली, संदर्भांची यादीही लागलेली. "मामा, पहिल्या चॅप्टरला शून्य पॉइंट एक असा नंबर का येतोय?" प्रश्न एवढाच होता, पण आवाज रडवेला झाला होता.

चार महिने तिने लिक्समध्ये लेखासाठीच्या क्लासमध्ये, म्हणजे लेखासाठी आखून दिलेल्या साच्यात, लिहिलं होतं. शेवटच्या आठवड्यात निरोप आला की रिपोर्टला चॅप्टर हवेत. तिने सेटिंगमध्ये जाऊन क्लास बदलला आणि अनुक्रमणिकेत ०.१, ०.२, ०.३ अशी रांग लागली. खरं तर काहीच बिघडलं नव्हतं. ते शून्य कुठून आलं आणि दहा मिनिटांत कसं गेलं, ते पुढे येईलच. पण लिक्स नव्याने हातात घेणाऱ्या पुष्कळांना पहिली ठेच इथेच लागते. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून काढतो आहे.

क्लास म्हणजे नेमकं काय

लिक्स हा मोफत मिळणारा, वैज्ञानिक लेखनासाठीचा वर्ड प्रोसेसर. १९९५ साली मथियास एट्रिश या जर्मन विद्यार्थ्याने तो सुरू केला. पडद्यामागे सगळं काम लेटेक करतं. डोनाल्ड क्नूथ यांनी १९७८ मध्ये गणिताची छपाई देखणी व्हावी म्हणून टेक तयार केलं आणि त्यावर १९८०च्या दशकात लेस्ली लॅम्पोर्ट यांनी लेटेक उभं केलं. लेटेकच्या आज्ञा पाठ नसल्या तरी लिक्समध्ये लिहिता येतं, हा त्याचा मोठा फायदा.

वर्डमध्ये आपण ओळ निवडतो, अक्षर मोठं करतो, ठळक करतो, मध्यावर आणतो आणि मनातल्या मनात तिला शीर्षक म्हणतो. लिक्समध्ये आपण फक्त सांगायचं, की ही ओळ शीर्षक आहे. अक्षर किती मोठं, वर-खाली जागा किती, क्रमांक कसा, नवीन पानावर सुरू करायचं का, हे सगळं क्लास ठरवतो. टूलबारच्या डाव्या टोकाला जी खाली उघडणारी यादी दिसते (स्टँडर्ड, सेक्शन, सबसेक्शन, अॅबस्ट्रॅक्ट वगैरे) तीही क्लासवरच अवलंबून असते. क्लास बदलला की यादी बदलते. आर्टिकलमध्ये चॅप्टर सापडत नाही, बुकमध्ये अॅबस्ट्रॅक्ट सापडत नाही. ही त्रुटी नाही. लेखाला प्रकरणं नसतात आणि पुस्तकाच्या सुरुवातीला शोधनिबंधासारखा सारांश नसतो, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून दिसण्यावरून क्लास निवडू नका. "याचे हेडिंग छान दिसतात" म्हणून घेतलेला क्लास शेवटी त्रास देतो. दिसणं नंतर बदलता येतं. लेखनाची जात मात्र आधीच ठरवावी लागते.

लिक्स उघडण्याआधी कागदावर चार गोष्टी लिहा

हे लिखाण शेवटी कुणाच्या हातात जाणार? जर्नलच्या संपादकाकडे जाणार असेल तर पुढचा विचारच करायचा नाही. त्या जर्नलचा क्लास घ्यायचा. विद्यापीठाकडे जाणार असेल तर प्रबंधाच्या नियमांचं परिपत्रक मागवून घ्यायचं आणि ते समोर ठेवूनच सुरुवात करायची.

प्रकरणं असणार का? पंचवीस पानांच्या मजकुराला सहसा नसतात, शंभर पानांच्या मजकुराला असतात. शंका असेल तर गाईडना आजच विचारा. माझ्या भाचीचा घोटाळा या एकाच प्रश्नाचा होता.

कागदावर छापणार का, आणि कसं? पानाच्या एका बाजूला की दोन्ही? स्पायरल की काळं हार्ड बाइंडिंग? उत्तरावर मार्जिन ठरतं.

आणि भाषा कोणती? मराठी किंवा मराठी-इंग्रजी मिश्र असेल तर आणखी काही सेटिंग पहिल्याच दिवशी लावावी लागतात. त्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

कुठे सापडतं

डॉक्युमेंट मेनू उघडा, त्यात सेटिंग्ज. डाव्या यादीतली पहिलीच ओळ डॉक्युमेंट क्लास. तिथे नवीन फाईलसाठी आर्टिकल आधीच निवडलेला असतो. तुम्ही काहीच केलं नाही, तरी क्लासची निवड झालेली असते, हे लक्षात ठेवा. बहुतेक जण ही खिडकी न उघडताच लिहायला लागतात.

त्याच खिडकीत क्लास ऑप्शन्सची जागा आहे. तिथे कस्टम नावाच्या चौकटीत काही शब्द स्वल्पविराम देऊन लिहिता येतात. त्यांचा उल्लेख पुढे येईल. हे शब्द मी इथे देवनागरीत लिहितो आहे, तुम्ही ते रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता टाइप करायचे.

क्लासची यादी उघडल्यावर काही नावांपुढे 'अनअव्हेलेबल' असं दिसेल. घाबरू नका. लिक्सला तो क्लास माहीत आहे, पण तुमच्या संगणकावरच्या लेटेकमध्ये त्याची फाईल नाही. मिकटेक आणि टेक लाइव्ह हे लेटेकचे तयार संच. मिकटेक असेल तर मिकटेक कन्सोलमधून आणि टेक लाइव्ह असेल तर त्याच्या पॅकेज मॅनेजरमधून ती बसवा. मग लिक्समध्ये टूल्स मेनूतून रीकन्फिगर करा, लिक्स बंद करून पुन्हा उघडा. ही शेवटची पायरी विसरल्यामुळे "बसवलं तरी दिसत नाही" अशी तक्रार वारंवार ऐकू येते.

आर्टिकल, रिपोर्ट, बुक

सुरुवातीला हे तीनच नीट समजून घ्या. बाकीचे बहुतेक यांचेच नातेवाईक आहेत.

आर्टिकलमध्ये सर्वांत वरची पायरी सेक्शनची. शीर्षक, लेखकाचं नाव आणि सारांश पहिल्याच पानावर येतात आणि त्याखाली मजकूर सुरू होतो. आकृत्या १, २, ३ अशा सलग मोजल्या जातात, समीकरणंही तशीच. शोधनिबंध, सेमिनारचा लेख, प्रयोगशाळेतल्या कामाची टिपणं, वर्गासाठी काढलेल्या नोट्स यांना हा पुरेसा आहे.

रिपोर्टमध्ये सेक्शनच्या वर चॅप्टर येतो. शीर्षकाला स्वतंत्र पान मिळतं, प्रत्येक प्रकरण नव्या पानावर सुरू होतं. आकृती २.३ म्हणजे दुसऱ्या प्रकरणातली तिसरी आकृती. एम.एस्सी.चा प्रकल्प, इंजिनिअरिंगचा शेवटच्या वर्षाचा रिपोर्ट आणि एका बाजूला छापायचा प्रबंध यासाठी मी डोळे मिटून रिपोर्ट सुचवतो.

बुकही प्रकरणांचाच, पण दोन्ही बाजूंना छापायचं आहे असं गृहीत धरून बनवलेला. उघड्या पुस्तकाची डावी-उजवी पानं वेगळी असतात, म्हणून त्यात आतलं आणि बाहेरचं मार्जिन वेगळं. प्रत्येक प्रकरण उजव्या हाताच्या पानावर, म्हणजे विषम क्रमांकाच्या पानावर सुरू होतं. मागचं प्रकरण उजव्या पानावर संपलं तर त्याच्या पाठीमागचं पान कोरं सोडलं जातं. ही कोरी पानं पाहून कित्येक जण तासन् तास शोधत बसतात की जास्तीचा एंटर कुठे पडला. कुठेही पडलेला नसतो. पानं वाचवायची असतील तर कस्टमच्या चौकटीत 'ओपनएनी' लिहा, प्रकरण कुठल्याही पानावर सुरू होईल. डावं-उजवं मार्जिनही सारखं हवं असेल तर 'वनसाइड'. पण हे दोन्ही लिहावं लागत असेल, तर तुम्हाला बहुधा रिपोर्टच हवा होता.

बुकचा एक गुण रिपोर्टमध्ये नाही. ऋणनिर्देश, अनुक्रमणिका, आकृत्यांची यादी या भागाला रोमन आकडे आणि पहिल्या प्रकरणापासून पुन्हा १, हे बुकमध्ये दोन शब्दांत होतं. कंट्रोल आणि एल दाबून लेटेक कोडची लाल चौकट उघडा, सुरुवातीला उलटी तिरपी रेघ देऊन 'फ्रंटमॅटर' लिहा आणि पहिल्या प्रकरणाच्या आधी तशीच 'मेनमॅटर'. रिपोर्टमध्ये हेच 'पेजनंबरिंग' या आज्ञेने दोनदा सांगावं लागतं, एकदा महिरपी कंसात 'रोमन' देऊन आणि एकदा 'अरेबिक' देऊन. अवघड नाही, पण आधी माहीत असलेलं बरं.

कोमा-स्क्रिप्ट आणि मेमॉयर

यादीत आर्टिकल, रिपोर्ट आणि बुक यांच्या शेजारी कोमा-स्क्रिप्टचे आर्टिकल, रिपोर्ट आणि बुकही दिसतील. मूळ क्लास अमेरिकन लेटर कागद धरून चालतात, तर मार्कुस कोम यांचे हे क्लास युरोपातल्या छपाईच्या सवयीने घडले आहेत. कागद ए४ आणि अक्षर ११ पॉइंट हेच त्यांचं मूळ गृहीत. आपल्याकडे सगळा कारभार ए४चा असल्यामुळे ते सोयीचे पडतात.

मला त्यांची सर्वांत आवडणारी गोष्ट बाइंडिंगची. कस्टमच्या चौकटीत 'बीसीओआर' (हा शब्द मात्र कॅपिटल अक्षरांत), बरोबरचं चिन्ह आणि ८ मिलिमीटर, म्हणजे BCOR=8mm, असं लिहिलं, की शिवणीत जाणारी तेवढी जागा बाजूला काढून उरलेल्या पानावर मार्जिनचा हिशेब नव्याने मांडला जातो.

दोन गोष्टी मात्र आधी ठाऊक असू द्या. कोमाची शीर्षकं साध्या, टोकं नसलेल्या अक्षरांत येतात आणि प्रकरणाच्या वर 'चॅप्टर १' असा शब्द छापला जात नाही, नुसता आकडा आणि नाव येतं. परिपत्रकात तो शब्द हवा असं म्हटलं असेल तर 'चॅप्टरप्रिफिक्स' हा पर्याय द्या. उलट एक सोय अशी, की प्रस्तावनेसारख्या बिनक्रमांकाच्या प्रकरणासाठी 'अॅडचॅप' नावाची वेगळी शैली यादीत मिळते आणि ते प्रकरण अनुक्रमणिकेत आपोआप येतं. साध्या बुकमध्ये तारांकित चॅप्टर वापरला तर ते अनुक्रमणिकेत येत नाही, वेगळी आज्ञा द्यावी लागते.

पीटर विल्सन यांचा मेमॉयर हा पुस्तकांसाठीचा मोठा, सर्वसमावेशक क्लास आहे. पानाची प्रत्येक बारीक गोष्ट स्वतः ठरवायची असेल त्यांच्यासाठी तो आहे. पहिलं लेखन करताना त्याच्या वाटेला जाऊ नका.

जर्नलला पाठवायचं असेल तर

इथे निवड तुमची नाही, हीच मोठी सोय. एल्सेव्हिअरच्या जर्नलला एल्सआर्टिकल, आयट्रिपलईला आयट्रिपलईट्रॅन, अमेरिकन फिजिकल सोसायटीच्या नियतकालिकांना रेव्हटेक, अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीला एएमएसआर्ट, स्प्रिंगरच्या संगणकशास्त्रातल्या परिषदांच्या खंडांना एलएलएनसीएस. जर्नलच्या लेखकांसाठीच्या सूचनांमध्ये क्लासचं नाव दिलेलं असतं, ते तिथूनच घ्या.

कोऱ्या फाईलपासून सुरुवात करू नका. फाईल मेनूत 'न्यू फ्रॉम टेम्प्लेट' आहे, त्यात यातल्या बऱ्याच क्लासचे नमुने तयार असतात. नाव, संस्था, ईमेल, कीवर्ड यांची मांडणी प्रत्येक जर्नलची वेगळी असते. नमुन्यातला मजकूर पुसून त्याच जागी आपला लिहिला की चुकायला जागा राहत नाही.

या क्लासमध्ये मार्जिन, फॉन्ट आणि ओळींतलं अंतर यांना हात लावायचा नाही. दोन रकान्यांत समीकरण मावत नाही म्हणून मार्जिन कमी करणारे मी पाहिले आहेत. समीकरण तोडून दोन ओळींत लिहा. तपासणीसाठी मोकळ्या ओळी हव्या असतील तर क्लासमध्येच तशी सोय असते. एल्सआर्टिकलमध्ये 'रिव्ह्यू' हा पर्याय दिला की ओळींतलं अंतर वाढतं.

परिषदेत स्लाइड दाखवायच्या असतील तर बीमर घ्या. त्याची मूळ स्लाइड जुन्या चार-तीन प्रमाणाची असते. आजच्या रुंद पडद्यासाठी कस्टममध्ये 'अॅस्पेक्टरेशो', बरोबरचं चिन्ह आणि १६९ लिहा, म्हणजे सोळा-नऊचं प्रमाण मिळेल. लेखातले परिच्छेद जसेच्या तसे स्लाइडवर ओतू नका. सूत्रं आणि आकृत्या तेवढ्या उचला.

मराठीत लिहिणार असाल तर

हा भाग माझ्या जिव्हाळ्याचा आहे. मराठीत गणित आणि विज्ञान लिहिणारी माणसं आहेत, पण त्यांच्या पुस्तकांत समीकरणं अनेकदा चित्रं म्हणून चिकटवलेली दिसतात. लिक्समध्ये मराठी वाक्याच्या मधोमध कंट्रोल आणि एम दाबलं की खरंखुरं समीकरण लिहिता येतं आणि दोन्ही एकाच ओळीत नीट बसतात. त्यासाठी क्लासबरोबर काही गोष्टी लावाव्या लागतात.

आधी मजकूर युनिकोडमध्ये आहे ना, हे बघा. डीटीपी करून घेतलेला जुना मजकूर बऱ्याचदा युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असतो. फॉन्ट बदलला की तो इंग्रजी अक्षरांचा गिचमिडा दिसतो. तो आधी बदलून घ्या.

मग सेटिंग्जमध्ये फॉन्ट्सवर जा आणि 'नॉन-टेक फॉन्ट वापरा' या चौकटीवर खूण करा. त्यामुळे झीटेक किंवा लुआटेक ही टेकची युनिकोड समजणारी रूपं वापरली जातात आणि संगणकावर बसवलेला कुठलाही युनिकोड फॉन्ट निवडता येतो. मी शोभिका घेतो. तो आयआयटी मुंबईत तयार झालेला, मोफत फॉन्ट आहे. नोटो सेरिफ देवनागरीही चांगला. लँग्वेजमध्ये मराठी निवडा. त्यामुळे 'चॅप्टर', 'फिगर', 'कंटेंट्स' यांच्या जागी मराठी शब्द येतात.

जोडाक्षरं नीट जुळण्यासाठी सेटिंग्जमधल्या लेटेक प्रिअँबलमध्ये (लेटेकच्या जादा आज्ञा लिहायची जागा) एक ओळ टाका. 'न्यूफॉन्टफॅमिली' ही आज्ञा, तिला लागून पुन्हा उलटी तिरपी रेघ आणि 'देवनागरीफॉन्ट', मग चौकोनी कंसात स्क्रिप्ट, बरोबरचं चिन्ह, देवनागरी आणि महिरपी कंसात फॉन्टचं नाव. इथे स्क्रिप्ट, देवनागरी आणि फॉन्टचं नाव यांचं पहिलं अक्षर कॅपिटल. पीडीएफ काढताना झीटेकचा पर्याय घ्या. आउटपुटच्या सेटिंगमध्ये तोच कायमचा ठरवून ठेवला तर दरवेळी आठवायला नको. पहिल्या पीडीएफमध्ये 'क्षेत्रफळ', 'द्विघात', 'सूक्ष्म', 'अर्ध्याहून' हे शब्द टाकून बघा. हे नीट उमटले तर पुढे निर्धास्त लिहा.

देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार, दोन्हीकडे जागा लागते. इंग्रजीसाठी ठरवलेल्या अंतरात वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला टेकतो. टेक्स्ट लेआउटमध्ये लाइन स्पेसिंगला कस्टम निवडून १.२ ठेवा, मजकूर लगेच मोकळा वाटेल. आणि तिरप्या अक्षरांवर विसंबू नका. शोभिकाला तिरपा अवतार नाही, त्यामुळे कंट्रोल आणि ई दाबून दिलेला जोर मराठी मजकुरात दिसतच नाही. जोर द्यायचा शब्द ठळक करा. प्रमेयांचं मॉड्यूल (क्लासला जोडायची जादा सोय) लावलंत तर प्रमेयाचा मजकूरही मुळात तिरपा धरलेला असतो. मराठीत तो सरळच उमटेल आणि प्रमेय कुठे संपलं ते कळणार नाही. प्रमेयानंतर लगेच 'सिद्धता' सुरू होईल अशी मांडणी ठेवली की वाचणाऱ्याची अडचण होत नाही.

कागद आणि मार्जिन

क्लास ठरल्यावर लगेच पेज लेआउटमध्ये जाऊन कागद ए४ करा. लेटर कागद ए४पेक्षा ६ मिलिमीटर रुंद आणि १८ मिलिमीटर आखूड असतो. फरक पडद्यावर लक्षात येत नाही, कागदावर येतो. खालचं मार्जिन उगाच मोठं दिसतं आणि मजकूर एका बाजूला सरकल्यासारखा वाटतो.

"दोन्ही बाजूंना इतकी जागा वाया का जाते?" हा प्रश्न हमखास विचारला जातो. मूळ आर्टिकलमध्ये १० पॉइंट अक्षराला ओळीची लांबी साधारण १२ सेंटिमीटर असते. ती मुद्दाम तशी ठेवली आहे. ओळ फार लांब झाली की डोळा पुढच्या ओळीची सुरुवात शोधताना चुकतो. एका जागी बसून रुंद पानांचा जाड रिपोर्ट वाचलेल्याला हे वेगळं सांगायला नको. तरी विद्यापीठाने मार्जिन नेमून दिलं असेल तर पेज मार्जिन्समध्ये डिफॉल्टची खूण काढा आणि परिपत्रकातले आकडे घाला. दीड ओळीचं अंतर मागितलं असेल तर टेक्स्ट लेआउटमध्ये 'वन-हाफ' निवडा. मधे मधे एंटर मारून जागा सोडू नका. लिक्स दुसरा एंटर घेतच नाही.

पीएच.डी.चा प्रबंध असेल तर आणखी एक गोष्ट पहिल्या दिवशीच करा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या संस्थेच्या शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात प्रबंध प्रकरणवार पीडीएफ करून ठेवले जातात. एकाच लांबलचक फाईलमध्ये लिहिलेला प्रबंध नंतर कापत बसण्यापेक्षा प्रत्येक प्रकरण वेगळ्या फाईलमध्ये लिहा आणि एका मुख्य फाईलमध्ये इन्सर्ट मेनूतून चाइल्ड डॉक्युमेंट म्हणून जोडा. सगळ्या फाईलींना क्लास एकच ठेवा. मग मुख्य फाईलच्या सेटिंग्जमध्ये चाइल्ड डॉक्युमेंट्सखाली हवं तेवढंच प्रकरण निवडता येतं. क्रमांक आणि संदर्भ टिकवून ठेवण्याचा पर्याय चालू ठेवला, तर चौथ्या प्रकरणाची पीडीएफ एकटी काढली तरी तिच्यात आकृती ४.१ अशीच येते.

क्लास बदलायची वेळ आलीच तर

आता भाचीच्या शून्याकडे. आर्टिकलचा रिपोर्ट केला तेव्हा तिचे सगळे सेक्शन सेक्शनच राहिले. रिपोर्टमध्ये सेक्शनचा क्रमांक प्रकरणाच्या क्रमांकापासून सुरू होतो. प्रकरण एकही नाही, म्हणजे प्रकरण क्रमांक शून्य. शून्याव्या प्रकरणातला पहिला विभाग म्हणून ०.१.

सर्वांत आधी मी तिला फाईलची एक प्रत वेगळ्या नावाने ठेवायला सांगितली. हे कधीही टाळू नका. मग व्ह्यू मेनूतून आउटलाइन पेन उघडायला लावलं. बाजूला सगळ्या शीर्षकांची उतरंड दिसते. पहिल्या सेक्शनवर क्लिक करून खालचं डावीकडे जाणारं बाणाचं बटण दाबलं, की तो सेक्शन चॅप्टर होतो आणि त्याच्या पोटातले सबसेक्शन आपोआप सेक्शन होतात. तिचे सहा सेक्शन होते. सहा वेळा क्लिक, सहा वेळा बाण, कंट्रोल आणि आर दाबून नवी पीडीएफ. अनुक्रमणिकेत १, १.१, १.२ दिसल्यावर फोनवर थोडा वेळ ती काहीच बोलली नाही, मग म्हणाली, "मामा, आता झोप." मजकुरात तिने 'आकृती ५ पाहा' असं हाताने लिहिलं नव्हतं, सगळीकडे लेबल आणि क्रॉस-रेफरन्स (आकृतीला खूण देऊन तिचा क्रमांक लिक्सकडूनच भरून घेणं) वापरले होते, म्हणून आकृत्यांचे उल्लेखही आपसूक ३.२, ४.१ असे बदलले. हाताने लिहिले असते तर रात्र तिथेच गेली असती.

उलटा प्रवास, म्हणजे रिपोर्टचा आर्टिकल, जास्त जपून करा. आर्टिकलला चॅप्टर माहीतच नाही, त्यामुळे चॅप्टर असलेल्या ओळी साध्या परिच्छेदात बदलल्या जातात आणि लिक्स तसा इशारा देतं. म्हणून क्लास बदलण्याआधीच, रिपोर्टमध्ये असताना, प्रत्येक चॅप्टर उजवीकडच्या बाणाने एक पायरी खाली उतरवा. सगळे सेक्शन झाले की मग क्लास बदला. प्रबंधातल्या एका प्रकरणाचा जर्नलसाठी लेख करताना हीच वाट धरा.

एकाच जातीतला बदल, म्हणजे रिपोर्टवरून कोमा रिपोर्ट, किंवा आर्टिकलवरून एएमएसचा आर्टिकल, सहसा बिनबोभाट होतो. दोन मिनिटं काढून दोन्हींची पीडीएफ शेजारी ठेवून बघा आणि आवडेल ती ठेवा.

सगळं मनासारखं लागलं की त्याच सेटिंगच्या खिडकीत 'सेव्ह अॅज डॉक्युमेंट डिफॉल्ट्स' हे बटण दाबा. पुढची प्रत्येक नवीन फाईल ए४, तुमचा फॉन्ट आणि तुमचा क्लास घेऊनच उघडेल.

झेरॉक्सच्या दुकानात

शंभर पानं छापायच्या आधी एकच पान छापून घ्या. दुकानातल्या संगणकावर प्रिंटच्या खिडकीत बऱ्याचदा 'फिट टू पेज' आधीच लागलेलं असतं. त्याने पान थोडं लहान होऊन छापलं जातं आणि तुम्ही आखलेली मार्जिन बदलतात. दादांना 'अॅक्च्युअल साइज' किंवा १०० टक्के करायला सांगा. खिशात सहा इंची पट्टी असू द्या. कागदाच्या डाव्या कडेपासून पहिल्या अक्षरापर्यंतचं अंतर मोजा, ते परिपत्रकातल्या आकड्याशी जुळलं की बाकीची पानं सोडायला सांगा.